घटिकापात्राचे भोक

भोक ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. तिला वजन नाही, रंग नाही, आणि बाजारात ती सुटी विकत मिळत नाही. तरीही ती पाडून घ्यावयाची झाली म्हणजे दाम मोजावा लागतो, आणि नको त्या ठिकाणी पडली म्हणजे त्याहूनही अधिक मोजावा लागतो. गेली तीस वर्षे आम्ही महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत आहो. या अवधीत आम्ही फळ्यावर किती भोके पाडली असतील याची गणती नाही. टाकीच्या बुडाला भोक, पिंपाच्या कुशीला भोक. खडूचा एक ठिपका दिला की काम झाले, आणि त्यातून पाणी किती वेगाने बाहेर पडेल हे आम्ही डोळे मिटून सांगावे. प्रत्यक्ष धातूला स्वतःच्या हाताने भोक पाडण्याचा प्रसंग मात्र वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत आम्हांवर आला नव्हता. तो आमचा आम्हीच ओढवून घेतला, आणि त्याचे निमित्त होते घटिकापात्र.

घटिकापात्र आता लग्नमांडवातही क्वचितच दिसते, म्हणून त्याचे थोडक्यात वर्णन करणे बरे. तांब्याची एक अर्धगोल वाटी, आणि तिच्या बुडाशी एक बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडावी. भोकातून पाणी आत झिरपू लागते, वाटी जड होत जाते, आणि ठराविक वेळ भरताच डुबकन तळाशी जाते. तो वेळ म्हणजे एक घटिका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. अहोरात्रात अशा ६० घटिका. या यंत्रात चाक नाही, कमान नाही, किल्ली नाही. जे काही यंत्र आहे ते सारे त्या भोकात आहे. भोक केसभर मोठे झाले तर दिवस लहान होतो आणि बुजले तर काळच थांबतो. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त टळला तो असाच, अशी आख्यायिका आहे. ती वाकून पाहत असता तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडला, भोक बुजले, आणि वाटी बुडण्याची वाट पाहत मंडळी बसून राहिली. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले त्यात ही कथा येते. खुद्द भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. पण कथा रचणाऱ्यास भोकाचे महत्त्व बरोबर कळले होते, एवढे खरे.

हे भोक केवढे असावे, याचा विचार आमच्या पूर्वजांनी बारकाईने केलेला आहे. भागवताच्या तृतीय स्कंधात त्याचे माप येते. चार माषे सोन्याची चार अंगुळे लांब शलाका करावी आणि तिच्या मापाचे भोक पाडावे. प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हसू आले. सोने तांब्याहून मऊ, ते तांब्याला भोक काय पाडणार? मागाहून उमजले की ती शलाका हत्यार नसून माप असावे. सोन्याचे वजन ठरलेले आणि लांबी ठरलेली, म्हणजे जाडी आपोआप ठरली. मिलिमीटरचे शतांश मोजणारी उपकरणे हाताशी नसताना तराजू आणि बोटे एवढ्यावर तारेची जाडी बांधून देण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला आमच्या प्रयोगशाळेत आनंदाने जागा दिली असती.

आता हे घटिकापात्र आम्हांस का हवे होते ते सांगितले पाहिजे, आणि ते सांगावयाचे तर एक जुनी चोरी कबूल करणे भाग आहे.

आमचे आजोबा वाईजवळच्या एका खेड्यात जोशीपण करीत. त्यांच्यापाशी एक घटिकापात्र होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ असे, आणि मुहूर्त साधण्यास वस्तुतः तेवढे पुरे होते. पण मांडवात हळदकुंकू लावलेले घंगाळ मांडून त्यात ती वाटी सोडल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. सुटीत आम्ही गावी गेलो म्हणजे घंगाळापाशी बसून वाटीवर डोळा ठेवण्याचे काम आमच्याकडे असे. १९८० सालच्या उन्हाळ्यात आम्ही नऊ वर्षांचे होतो. एका लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही पाहिले तो भोकात पाण्याचा क्षार आणि कळंक साचलेला. आजोबा असे भोक केरसुणीच्या हिराने हळुवार साफ करीत. आम्हांस हीर मिळाला नाही, किंवा शोधण्याचा कंटाळा आला. आम्ही पोती शिवावयाचे दाभण घेतले आणि भोकात घालून दोनदा पिरगाळले. ते इतके सहज आरपार गेले की आम्हांस मोठा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी भर मांडवात वाटी वेळेआधीच बुडाली. आम्ही ओरडलो, "आजोबा, बुडली!" आजोबांनी वाटीकडे पाहिले, मग मनगटाकडे पाहिले, आणि मंगलाष्टके चालूच ठेवली. अक्षता घड्याळावर पडल्या. त्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आम्हांस एवढेच विचारले, "दाभण जागेवर ठेवलंस ना रे?" आम्ही हो म्हणालो. त्यानंतर ते घटिकापात्र कोणत्याही लग्नास गेले नाही. फडक्यात गुंडाळून ते माळ्यावर गेले. १९८६ साली आजोबा गेले. पुढे घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तांब्यापितळेची जी भांडी मोडीत निघाली त्यांत तेही गेले. ही गोष्ट आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती. विद्यार्थ्यांपुढे छिद्रातून वाहणाऱ्या पाण्याचे गणित मांडताना दर वर्षी ती आठवे, आणि दर वर्षी आम्ही फळा पुसून टाकीत असू.

गेल्या वर्षी आमच्या कन्येने वाढदिवसास आम्हांस एक यंत्र भेट दिले. जाड पेनाएवढे, हातात धरून चालवावयाचे, विजेवर चालणारे. त्याच्या तोंडाशी बिट बसवावे, कळ दाबावी, की ते मिनिटास पाच हजारांपासून तीस हजारांपर्यंत हव्या तेवढ्या फेऱ्या घेते. "बाबा, निवृत्तीनंतर काहीतरी हातानं करा," असा त्यामागे तिचा हेतू. विजेचे हातात नेण्याजोगे भोक पाडण्याचे यंत्र १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात प्रथम झाले. ते उचलण्यास बळ लागे. अशा लहानखुऱ्या यंत्रांची घराणी पुढची. अमेरिकेतील रसीन गावी अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली कंपनी काढली, आणि आज या जातीच्या कोणत्याही यंत्रास दुकानदार 'ड्रेमेल'च म्हणतात. पीळदार बिट त्याहून जुने. त्याचे पेटंट स्टीव्हन मोर्स यांनी १८६३ साली घेतले. हे सारे आम्ही यंत्र हातात घेण्यापूर्वी वाचून काढले. प्राध्यापकाची ही खोडच असते. पोहावयास जावयाचे झाले तर तो आधी नदीचा इतिहास वाचतो.

कसबा पेठेतील तांबट आळीत जाऊन आम्ही एक अर्धगोल वाटी आणली. तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर, वजन २०० ग्रॅम, पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाड. कागदावर गणित केले. वाटीच्या वजनाने पाणी आत किती जोराने ढकलले जाईल, बुडेपर्यंत आत किती पाणी भरावे लागेल, याचा हिशेब करता भोक पाऊण मिलिमीटर आणि एक मिलिमीटर यांच्या दरम्यान यावे असे निघाले. बोहरी आळीतून आठ दशांश मिलिमीटरची सहा बिटे आणि एक मिलिमीटरची दोन बिटे आणली. दुकानदाराने विचारले, "सहा कशाला, सर?" आम्हांस त्याचा प्रश्न अज्ञानमूलक वाटला, वस्तुतः त्याला उलट म्हणावयाचे होते की सहा पुरणार नाहीत.

पहिले बिट चौथ्या सेकंदास मोडले. वाटी पालथी घालून तिच्या गुळगुळीत बुडावर आम्ही फिरते बिट टेकवले तो ते बर्फावरून घसरावे तसे घसरले, तांब्यावर नागमोडी ओरखडा काढला, आणि तुकडा आमच्या चष्म्याच्या काचेवर टिचला. चष्मा नसता तर हा निबंध दुसऱ्या कोणास सांगून लिहवावा लागला असता. तेव्हा पहिला धडा हा की फिरत्या बिटास बसावयाला आधी घर लागते. पोलादी टोच्या, ज्याला कारागीर सेंटर पंच म्हणतात, नेमक्या जागी धरून हातोडीचा एकच ठोका मारावा. त्या खळग्यात बिटाचे टोक टेकवावे. दुसरा धडा, वाटीच्या पोकळीत तिच्या आकाराचा लाकडी ठोकळा हवा, नाही तर टोच्याच्या ठोक्याने बूडच चेपते. आम्ही बाभळीच्या ओंडक्याचे डोके कानशीने गोल केले. त्यात एक रविवार गेला.

वेगाविषयीही आमचा गैरसमज होता. मिनिटास वीस हजार फेऱ्या म्हणजे काहीतरी भयंकर, असे वाटून आम्ही यंत्र अगदी मंद ठेवले होते. मग गणित केले. आठ दशांश मिलिमीटरचे बिट मिनिटास वीस हजार वेळा फिरले तरी त्याची कड सेकंदास जेमतेम ८४ सेंटिमीटर चालते, म्हणजे तासाला तीन किलोमीटर. आम्ही सायंकाळी टेकडीवर फिरावयास जातो तो वेग याहून काही कमी नसावा. उलट दहा मिलिमीटरचे जाड बिट त्याच वेगाने फिरवले तर त्याची कड तासाला सुमारे ३८ किलोमीटर धावेल आणि धार जळून जाईल. म्हणून जाड भोकास मंद गती आणि बारीक भोकास चपळ गती हवी. मंद फिरणारे बारीक बिट कापत नाही. आपण हाताने दाबू लागतो, आणि ते मोडते. आमची पुढची दोन बिटे अशी दाबण्याने मोडली. चौथ्यास आम्ही वेग दिला, तेलाचा थेंब दिला, आणि टेकवावे, उचलावे, पुन्हा टेकवावे, अशा रीतीने चाललो. तांब्याचा केसासारखा लाल कीस वर येऊ लागला. तो दृश्याचा आनंद आम्हांस एखाद्या सिद्धांताच्या सिद्धीहून कमी वाटला नाही.

बिट चिमटीत धरून पाहिले तो बोट पोळले. १७९८ साली रम्फर्डने रॉयल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. म्युनिकच्या तोफखान्यात घोड्यांच्या बळाने तोफेचे नळकांडे फिरवून बोथट हत्याराने कोरले असता भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळू लागले. घर्षणातून उष्णता अखंड निघत राहते, म्हणजे ती कोणी द्रव्य नव्हे, हा त्याचा निष्कर्ष आम्ही तीस वर्षे शिकवला. बोटास फोड आला तो मात्र त्या दिवशी प्रथम.

भोक पडले. आम्ही घंगाळ भरले, वाटी सोडली, आणि पाणी आत येईना. भोकाच्या तोंडाशी पाण्याचा फुगीर मणी तेवढा दिसला. वाटी बदकासारखी तरंगत राहिली. दहा मिनिटे आम्ही गणितात चूक शोधीत होतो. तेवढ्यात आमची गृहिणी तेथे आली, वाटी उचलून तिने बोट फिरवले, आणि म्हणाली, "अहो, हिला तेल लागलंय. चिंचेनं घासून आणते." चिंच आणि मीठ लावून लखलखीत झालेली वाटी पुन्हा सोडली तेव्हा भोकातून बारीक कारंजे उडाले. बारीक छिद्राशी पाण्याच्या पृष्ठताणाची सत्ता चालते, आणि तेलकट पृष्ठावर पाणी पसरत नाही, हेही आम्ही शिकवतो.

वाटी २६ मिनिटांनी बुडाली. दोन मिनिटे अधिक. भोकाच्या आतल्या अंगास तांब्याची बारीक कड उठली होती, ती पाण्यास अडवीत असावी. ती घासून काढून मग पाहावयास हवे होते. पण एक मिलिमीटरचे बिट समोर पडलेले होते, आणि भोक जरासे मोठे करावयाचे म्हणजे त्याच भोकातून मोठे बिट घालणे, इतका सरळ विचार आम्ही केला. आयत्या भोकात शिरलेले बिट तांब्यात रुतते. तांबे मऊ आणि चिवट. धार त्यात बोटासारखी अडकते आणि स्क्रूसारखी स्वतःला आत ओढून घेते. जाणते कारागीर तांब्यापितळेसाठी बिटाची धार मुद्दाम किंचित बोथट करून घेतात, हे आम्हांस नंतर कळले. यंत्राने हातास हिसका दिला, वाटी ठोकळ्यावरून फिरली, आणि भोक लांबट झाले. या वेळी वाटी साडेपंधरा मिनिटांत तळाशी गेली.

आम्ही घंगाळापाशी बसून राहिलो. पंचेचाळीस वर्षांनी, विजेचे यंत्र आणि पदव्या घेऊन, आम्ही पुन्हा तेच करून ठेवले होते.

समाधान शोधावयास आम्ही भास्कराचार्यांकडे गेलो. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या यंत्राध्यायात घटिकापात्राविषयी त्यांनी लिहिले आहे ते मोठे मोकळे आहे. तांब्याची अर्ध्या घटासारखी वाटी करावी, तळाशी मोठे भोक असावे, ती अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे, आणि त्या संख्येने अहोरात्रास भागावे. जे येईल ते त्या वाटीचे माप. सोन्याची शलाका नाही, पळांचे वजन नाही. भोक चुकले असे म्हणावयास त्यांनी जागाच ठेवलेली नाही. या न्यायाने आमची वाटी दिवसरात्रीतून सुमारे ९३ वेळा बुडते, एवढे तिच्यावर कोरले की काम संपले. बुद्धीस हे पूर्णपणे पटले. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही वाटी पिशवीत घालून तांबट आळीची वाट धरली.

ज्यांच्याकडून वाटी घेतली होती ते गृहस्थ सत्तरीच्या घरातले. आळीत शिरताच ठोक्यांचा तो एकसुरी नाद सुरू होतो, ज्यावरून एका पाखरालाही तांबट हे नाव मिळाले. आम्ही वाटी पुढे केली आणि म्हणालो, "काका, दुसरी द्या. हिचं भोक मोठं झालं. गेलेला धातू काही परत येत नाही."

त्यांनी वाटी उजेडात धरून भोकातून एका डोळ्याने आमच्याकडे पाहिले. "दुसरी कशाला, सर? तांबं आहे हे. ऐकतं." वाटी लहानशा गोल ऐरणीवर पालथी घालून त्यांनी भोकाच्या कडेकडेने हलक्या हातोडीचे सात-आठ ठोके दिले, मग आतल्या अंगाने चार. आम्ही पाहिले तो भोक आवळून सुईच्या टोकाएवढे उरले होते. धातू परत आला नव्हता. शेजारचा सरकून आला होता.

"पूर्वी जोशीबुवा यायचे की," ते म्हणाले. "वडलांच्या वेळी. भोक झिजलं की आवळून न्यायचे. दोन पैशांचं काम." आम्ही पैसे विचारले तर त्यांनी नुसता हात हलवला.

परत येताना आम्ही लक्ष्मी रस्त्यावरून चालत आलो, आणि कोठून कोठे आलो ते ध्यानात राहिले नाही. आजोबा आठवड्याच्या बाजारास वाईला जात. वाईस तांबट होते. आमच्या घरचे बंब, घागरी, सारे त्यांच्याकडेच डागडुजीस जाई, आणि कित्येकदा आजोबांबरोबर आम्हीच ते ओझे धरून गेलेले आहो. भोक आवळून मिळते हे जोशीपण करणाऱ्या माणसास ठाऊक नसणे शक्य नाही. १९८० सालानंतर सहा वर्षे ते होते. दर आठवड्यास बाजारास जात होते. मग ती वाटी माळ्यावरून का उतरली नाही? नातवाचे दाभण पुन्हा लागेल म्हणून, की मनगटावरचे घड्याळ असताना तो खटाटोप नको असे त्यांनाच वाटू लागले होते आणि आमच्या हातून नुसते निमित्त घडले? की तांबटापुढे वाटी ठेवली असती तर त्याने आमच्यादेखत विचारले असते की हे भोक असे झाले कशाने? आम्ही या तिन्ही गोष्टींचा विचार बरेच दिवस केला. पहिली आम्हांस सोयीची नाही, दुसरी फार सोयीची आहे, आणि तिसरी खरी असावी असे वाटते त्या दिवशी आम्ही वर्गात नीट शिकवू शकत नाही.

राहिलेले काम आम्ही यंत्राने केले नाही. आवळलेल्या भोकाने वाटीस ४१ मिनिटे लागत होती. गृहिणीच्या शिवणाच्या डब्यात एक दाभण होते ते मागून घेतले. भोकात टोक घालून एक पाव फेरा द्यावा, उठलेली कड बारीक कानशीने उतरावी, वाटी चिंचेने घासावी, पाण्यात सोडावी, घड्याळ लावून बसावे. दर खेपेस अर्धा तास. ३६ मिनिटे; ३१; २८ मिनिटे २० सेकंद. सुटीचे तीन दिवस असे गेले. कन्या मुंबईहून आली होती; तिने विचारले, "बाबा, यंत्र बिघडलं का?" आम्ही नाही म्हणालो, आणि मग घंगाळापाशी बसल्या बसल्या तिला ती सारी हकीकत सांगितली. आजोबा तिने पाहिलेले नाहीत. ऐकून तिने काही म्हटले नाही. फक्त पुढच्या खेपेस घड्याळ तिने हातात घेतले.

शेवटच्या खेपेस वाटी २४ मिनिटे १० सेकंदांनी बुडाली. "अजून दहा सेकंद, बाबा," ती म्हणाली. हात दाभणाकडे गेला होता. आम्ही ते उचलले, पुसले, आणि शिवणाच्या डब्यात जागेवर ठेवून दिले.